गेल्या नाताळचं बिल अजून फिटलेलं नाही, यंदाचा नाताळ कसा करू?

पत्र असं आहे (थोडं कापलंय, लिहिणारी नाव देऊ नका म्हणाली म्हणून नावगाव काढलंय):

"ताई, मी वसईची, वय ३४, अंधेरीला ऑफिसला जाते. मिस्टर पण प्रायव्हेटमध्ये आहेत. दोघांचे मिळून ६२ हजार हातात येतात, त्यातले १९ घराच्या हप्त्याला जातात. गेल्या नाताळात एकूण ६० हजार खर्च झाला, १२ रोख आणि ४८ क्रेडिट कार्डवर. कपडे साडेअठरा, खाणंपिणं १६, गिफ्ट ११, लायटिंग आणि गोठा (येशूजन्माचा देखावा) साडेपाच आणि ३१ तारखेचं रिसॉर्ट ९. फेब्रुवारीपासून बिलात जो मिनिमम आकडा येतो तो न चुकता भरतेय, एकदाही लेट नाही, तरी सहा महिन्यांनी ४५ हजार बाकी दाखवतायत. कार्ड वापरणं पण कमी केलंय. आता काटकसर करून महिन्याला अजून पाच हजार निघू शकतात, ते यंदाच्या नाताळसाठी आरडीत (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीत) टाकू का? मिस्टरांना दिवाळीला २२ हजार बोनस मिळतो पण तो कुठे जातो कळत नाही. नणंद दर डिसेंबरला कुवेतहून येते, तिच्यासमोर काही कमी पडलेलं मिस्टरांना चालत नाही, ते म्हणतात सण वर्षातून एकदाच येतो. मुलं ११ आणि ८ वर्षांची आहेत."

अगं, ३४ म्हणजे माझ्या लेकीएवढी आहेस, त्यामुळे सरळ अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

आधी एक सांगते, तू जुलैमध्ये पत्र लिहिलंस हेच मोठं आहे. मी सव्वीस वर्षं एका पतसंस्थेच्या काउंटरवर बसले आणि नाताळच्या कर्जाची माणसं माझ्याकडे यायची ती जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, रुमालात गुंडाळलेल्या पाटल्या घेऊन. घरात कुणाला कळू नये म्हणून पार दुसऱ्या गावाहून यायच्या बायका. पाटल्या काट्यावर ठेवताना हाताकडे बघायच्या, माझ्याकडे नाही. जुलैत कुणी येत नाही गं, जुलैत सगळ्यांना वाटतं अजून खूप वेळ आहे.

आता आरडीचं. नाही, टाकू नकोस, निदान सगळे पाच हजार तर नाहीच. का ते आकड्यांतच बघ म्हणजे मिस्टरांनाही दाखवता येईल. बहुतेक कार्डांवर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं (तुझं नेमकं किती ते बिलाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असतं, चष्मा लावून बघ), आणि त्या व्याजावर वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे झाले महिन्याला चार टक्क्यांहून जास्त. मिनिमम ड्यू असतो साधारण पाच टक्के. म्हणजे तू पाच भरतेस त्यातले चार व्याजातच जातात आणि मुद्दलातून जेमतेम एक टक्का कमी होतो. मी कागदावर मांडून बघितलं, ४८ हजारांवर सहा महिन्यांत तुझे साधारण १४ हजार ६०० भरून झाले असणार आणि बाकी उतरली फक्त तीन हजारांनी. तुझं पत्र वाचलं आणि आकडा अगदी तंतोतंत बसला, तेव्हा मला बरं नाही वाटलं खरं सांगते. तुझी काही चूक नाहीये, तू वेळेवर भरत होतीस, फक्त तो आकडा कर्ज फेडण्यासाठी नसतोच, तो लेट फी लागू नये म्हणून असतो.

तर एकीकडे वर्षाला चाळीस-पन्नास टक्के जातायत आणि दुसरीकडे आरडीत सहा-सात टक्के मिळवायचे, हे म्हणजे विहिरीतून पाणी काढून भोक पडलेल्या हंड्यात भरायचं. आणि अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, तू लिहिलंयस वापर "कमी" केलाय, कमी नाही, बंद कर. बाकी थकलेली असताना नवीन काही घेतलं ना, तर त्यावर ते चाळीस-पंचेचाळीस दिवस बिनव्याजी मिळत नाहीत, ज्या दिवशी स्वाइप केलं त्या दिवसापासून व्याज सुरू. किराणा पण त्यात आला. फोनमध्ये जिथे जिथे कार्ड सेव्ह करून ठेवलंय तिथून काढून टाक.

या शनिवारी सुट्टी असेल तर कार्डवाल्यांना फोन लाव आणि सांग की सगळी बाकी हप्त्यांत करून द्या. ते देतात, ॲपमध्येच ऑप्शन असतो बहुतेक. फक्त तीन गोष्टी विचार: वर्षाचा व्याजदर किती, प्रोसेसिंग फी किती, आणि मधेच सगळे भरले तर दंड किती. समज १६ टक्क्यांनी बारा महिन्यांचे हप्ते झाले, तर ४५ हजारांना महिन्याला साधारण ४,०८० बसतात आणि पूर्ण वर्षाचं व्याज चार हजारांच्या आत, वर जीएसटी सातशेच्या आसपास. कुठे सहा महिन्यांत साडेअकरा हजार व्याजात घालवलेस आणि कुठे हे. मिस्टरांच्या कंपनीत पगारदारांची सोसायटी असेल तर तिथे याहून स्वस्त मिळू शकतं, ते पण विचार, लाजू नका. एखादी एफडी पडून असेल तर तिच्यावर कर्ज अजून स्वस्त. सोनं मात्र आत्ता काढू नकोस, ४५ हजारांसाठी त्याची गरज नाही.

आता तुझ्याकडे आत्ता भरतेस ते चोवीसशे आणि काटकसरीचे पाच हजार मिळून सात हजार चारशे आहेत. हप्ता जाऊन जीएसटी धरून तीन हजार उरतात. ते तीन मात्र नाताळसाठी बाजूला टाकायचे, कर्जात नाही. इथे हिशोबाची पक्की माणसं मला ओरडतील की आधी सगळं कर्ज मार, मग बचत. पुस्तकात बरोबर आहे ते. पण मी काउंटरवर बघितलंय, हातात शून्य घेऊन डिसेंबर उजाडला की तेच कार्ड परत बाहेर येतं, चर्चच्या घंटा वाजायला लागल्यावर कुणी व्याजदर बघत नाही.

ऑगस्ट ते डिसेंबर पाच महिन्यांचे १५ हजार. आरडी पाच महिन्यांची सहसा कुठे करत नाहीत, निदान सहा महिने लागतात, म्हणून एक वेगळं सेव्हिंग खातं बघ, ज्याचं एटीएम कार्ड घेतलेलं नाही आणि जे फोनच्या यूपीआयला जोडलेलं नाही. पैसे काढायला रांगेत उभं राहावं लागलं पाहिजे, बस तेवढंच. आणि यंदाच्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बारा महिन्यांची आरडी सुरू कर, जानेवारीत नाही हं, जानेवारीत सुरू केलेली पुढच्या जानेवारीत पिकते आणि तोवर नाताळ होऊन गेलेला असतो! अडीच हजारांची केलीस तर वर्षाने ३० हजार आणि वर हजारभर व्याज. पोस्टाची आरडी चांगली आहे पण ती पाच वर्षांची असते, या कामाची नाही.

बोनसचं बोलू. आपली खरी गोची इथेच आहे. महाराष्ट्रात बोनस येतो दिवाळीला, आपला सण दोन-एक महिन्यांनी. आपल्याकडे दिवाळी नाही म्हणून खर्च नाही असं वाटतं आणि नेमके त्याच आठवड्यात फोनवर सगळीकडे सेल लागलेले असतात, मग मिक्सर येतो, शूज येतात, हेडफोन येतात, कुणी उधळत नाही पण महिनाभरात बोनस साफ. "कुठे जातो कळत नाही" म्हणालीस ना, तिथे जातो. तेव्हा बोनस खात्यात पडेल त्याच दिवशी, त्याच संध्याकाळी, त्यातले १५ हजार त्या वेगळ्या खात्यात. उरलेल्या सातचं मिस्टरांनी काय करायचं ते करू देत, सगळेच ओढून घेतलेस तर चिडतील. आणि सेलमध्ये नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणवणारे हप्ते, दिसले तर भुलू नका. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांच्या शून्य टक्के स्कीमवर बोट ठेवलं होतं. आता जे मिळतं त्यात बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढं आधी डिस्काउंट देतो, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच माथी. शिवाय तुझ्याकडे ऑलरेडी एक हप्ता चालू असणार आहे.

म्हणजे झाले ३० हजार. गेल्या वर्षीच्या अर्धे. आता तू म्हणशील अर्ध्यात कसा नाताळ करू, तर थांब, आधी त्यातून चार हजार काढून वेगळ्या पाकिटात ठेव, लग्नांसाठी. हे कुणीच धरत नाही. आगमनकाळात (नाताळाआधीचे चार आठवडे) आपल्याकडे लग्नं होत नाहीत, पुढे ईस्टरआधीच्या उपवासकाळात परत नाहीत, त्यामुळे नाताळ ते राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळ सुरू होतो तो दिवस, एवढ्या दिवसांत सगळ्या गावाची लग्नं कोंबलेली असतात. गेल्या जानेवारीत किती पत्रिका आल्या आठव. नाताळने रिकामा केलेला खिसा आणि आठवड्याला दोन आहेर, कार्डाची बाकी न फिटण्यात त्यांचा हात नक्की असणार.

राहिले २६. कपड्यांना आठ, मुलांना नवीन घे, तुम्हा दोघांना एकेक, सासूबाईंना साडी. खाण्यापिण्याला दहा. रिसॉर्ट यंदा नाही, त्यावर चर्चाच नको. अडीच हजार सुटे ठेव कारण काहीतरी निघतंच.

खाण्याचं सविस्तर सांगते कारण माझा जीव त्यात आहे. तुझे १६ हजार गेले त्यातला मोठा भाग तयार डब्यांना गेला असणार, हो की नाही? कलकल, मिल्क क्रीम, पेरूची वडी, केक, सगळं किलोच्या भावाने. नोकरी करून सगळं घरी कर असं मी म्हणणार नाही, मी पण करत नव्हते. पण कलकल घरी करा, एकच पदार्थ. मैदा, नारळाचं दूध, थोडं तूप, साखर, एवढ्यात मोठं पातेलं भरतं. एका रविवारी दुपारी पेपर पसरून सगळ्यांनी बसायचं, काट्याच्या पाठीवर नाहीतर नव्या कोऱ्या कंगव्यावर पिठाची गोळी दाबायची आणि गुंडाळत आणायची. आमच्याकडे माझा धाकटा प्रत्येक वेळी मोजायचा, माझे शंभर झाले, माझे दीडशे झाले, आणि निम्मे तर इतके जाडे असायचे की तळताना आतून कच्चेच. ते त्याच्या बाबांना खायला लागायचे. शेजारपाजारच्या ताटांना हे पुरतं, शेजारी दिवाळीत आपल्याला फराळ देतात तेव्हा चकलीचा भाव कुणी विचारतं का? केकसाठीचा सुका मेवा सप्टेंबरपासून दर महिन्याला थोडा थोडा आण आणि रममध्ये घालून बरणी कपाटात ठेवून दे, मुरतो पण चांगला आणि डिसेंबरच्या बिलात येत नाही. इंद्याल या आंबट-तिखट पदार्थासाठी मांस तेवीस-चोवीसला घ्यायला जाऊ नकोस, ओळखीच्या माणसाकडे आधीच सांगून ठेव.

आता नणंद. हा खरा प्रश्न आहे, बाकी सगळं नुसती बेरीज-वजाबाकी.

माझं ऐकशील तर तिला फोन कर. मिस्टरांनी नाही, तू. आणि खरं सांग, आकड्यासकट नको पण एवढं सांग की गेल्या वर्षीचं कार्ड अजून फेडतोय, यंदा गिफ्टचं जरा वेगळं करूया का. घरातल्या सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जे नाव येईल त्याने त्या एकालाच गिफ्ट द्यायची, पाचशेच्या आत. ११ हजारांचे चार हजारांत बसतं, मुलांना वरून एकेक जास्तीची धरून सुद्धा. मला विचारशील तर कुवेतहून येणाऱ्या बाईला इथल्या मॉलमधला पर्फ्युम देण्यात काय अर्थ आहे, तो तिकडून ती स्वतः आणते. तिला पाठवणी म्हणून बॉटल मसाल्याची (बाटलीत भरून ठेवतो त्या आपल्या घरच्या मसाल्याची) बाटली आणि सुकेळी (वाळवलेली केळी) दे. तिकडे फ्लॅटमध्ये एकटीने ती बाटली उघडल्यावर काय वाटतं हे परदेशात राहिलेल्या कुठल्याही वसईकराला विचार. माझी बहीण बारा वर्षं बहरीनला होती, ती बॅग भरताना आधी मसाला ठेवायची आणि मग कपडे. आणि कदाचित ती पण तिकडे हप्ते भरत असेल गं, गल्फवाल्यांनी दर वर्षी तिकिटं काढून सगळ्यांना चॉकलेटं-अत्तरं आणायची म्हणजे काय खर्च असतो, तिला पण सुटल्यासारखं वाटेल. नाहीच पटलं तर नाही पटलं, मग तू तुझ्या चार हजारांत राहा.

मिस्टरांशी भांडू नकोस. सण वर्षातून एकदाच येतो हे ते बरोबरच बोलतात, आणि दर वर्षी २५ तारखेलाच येतो. त्यांना फक्त सहा बिलं एकाखाली एक ठेवून दाखव, भरले किती आणि उतरले किती, काही न बोलता. आमच्या घरी उलट होतं, उधळी मी होते. एका वर्षी मिस्सेला (चर्चमधल्या प्रार्थनेला) जायच्या आधी पाहुण्यांना दाखवायला मी दुकानातून हप्त्यावर मोठा टीव्ही उचलला होता, तेव्हा माझी सासू काही बोलली नाही. तिची स्वतःची पद्धत होती, परसातलं केळीचं एक बेट ती नाताळचं म्हणून धरायची, त्याचे घड विकून येणारे पैसे बिस्किटाच्या डब्यात, मीठ संपलं तरी त्याला हात नाही. त्या वर्षी डबा उघडून तिने माझे टीव्हीचे तीन हप्ते भरले आणि स्वतः जुनंच लुगडं नेसून मध्यरात्रीच्या मिस्सेला गेली. तो टीव्ही मला कधी धड बघवला नाही.

तू लिहिलं नाहीस पण भिशीचं विचारणारच कुणीतरी म्हणून सांगते. ऑफिसातल्या नाहीतर आळीतल्या ओळखीच्या दहा जणींची भिशी असेल आणि डिसेंबरचा नंबर मिळत असेल तर घे, छान काम होतं. पण कुणी "नाताळ स्कीम" म्हणून दर महिन्याला पैसे गोळा करून डिसेंबरात हॅम्पर किंवा कूपन देतो म्हणाला तर लांब राहा. परदेशात हे प्रकार जुने आहेत, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या एका बँकेने १९०९ मध्ये ख्रिसमस क्लब काढला, आठवड्याला थोडे टाकायचे आणि सणाआधी उचलायचे, ते बँकेत होतं म्हणून ठीक. पण इंग्लंडमध्ये फेअरपॅक नावाची कंपनी असंच वर्षभर लोकांकडून पैसे घ्यायची आणि ती बुडाली कधी, तर ऑक्टोबर २००६ मध्ये, नाताळ तोंडावर असताना. लाखाहून जास्त लोकांचे पैसे अडकले, बहुतेक सगळी तुझ्या-माझ्यासारखी, कर्ज नको म्हणून आधीपासून साठवणारी. आपल्याकडे बँकेतल्या ठेवीला निदान पाच लाखांपर्यंत विमा तरी आहे, भिशीला आणि स्कीमला तोही नाही. आपल्या वसईत १९१८ मध्येच लोकांनी सहकारी बँक काढली ती उगाच नाही.

गोठ्याचं आणि लायटिंगचं राहिलं. साडेपाच हजारांचे दीड हजार पुरतील. लायटिंग गेल्या वर्षीचं असेल की माळ्यावर, आधी प्लगला लावून बघ आणि मगच नवीन घे. कंदील मुलांना करायला लाव, बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद, ११ वर्षांच्या मुलाला जमतो, वाकडा झाला तरी लाव. गोठ्याला पेंढा कुणाच्याही वाडीत मागितला तर मिळतो. आणि हिरवळीसाठी वाटीत नाचणी पेरायची असेल तर १३-१४ डिसेंबरला पेरा, मुलं घाईने महिन्याच्या सुरुवातीलाच पेरतात आणि नाताळपर्यंत ती पिवळी पडून आडवी होते.